काँप्युटर रुसला म्हणे!

खंडेनवमीला कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं. लेथला लागलं, वजनकाट्याला लागलं, मॅनेजरसाहेबांच्या जीपला लागलं, इतकंच काय, चहाच्या स्टोव्हलाही झेंडूची माळ मिळाली. राहिला तो एकटा काँप्युटर. आणि तो राहिला, कारण त्याच्यापुढे सुंदरा रोकडे बसली होती.

एकोणनव्वद सालची गोष्ट. खालापूर फाट्याच्या अलीकडे पाइप बनवायचा हा कारखाना. मुंबईच्या हेड ऑफिसने स्वतःचं वापरून झालेलं यंत्र इकडे पाठवलं होतं, थोरल्याचे उसवलेले कपडे धाकट्याला घालावेत तसं. पण खालापूरकरांना त्याचं कोण कौतुक! त्याला वेगळी खोली दिली, खिडकीला पडदा दिला, आणि ते चालवायला कर्जतच्या क्लासात शिकून आलेली कडावची सुंदरा ठेवली. दिवाळीनंतर तिला कायम करणार होते. घरात कायमची नोकरी अजून कुणाला लागली नव्हती, त्यामुळे दिवाळीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले.

हेडक्लार्क कोंडीराम ठोंबरे थाळी घेऊन दारात आला, तेव्हा ती खुर्चीतून उठली नाही.

"लाव गं पोरी, तुज्या हातानं लाव. यंत्र तुजं हाय."

"मी नाही लावणार, ठोंबरेभाऊ. आम्ही बौद्ध. आमच्या घरात पूजा नाही."

"आणि देवळात शिरल्यासारख्या आमाला चपला काढायला लावतेस ती?"

"धूळ आत जाते म्हणून लावते. धुळीला देव कळत नाही."

दारात उभ्या असलेल्या बायका फिस्सकन हसल्या. ठोंबरेला ते हसू झोंबलं. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं की मदतीला पहिला धावणारा. पण आपला शब्द खाली पडला की त्याला रात्रभर झोप लागत नसे. "बरं बरं," म्हणत तो गेला खरा. दुपारी सुंदरा डबा खायला गेली आणि परत येऊन बघते तो काय, फ्लॉपी घालायच्या खाचेवर चांगलं बोटभर कुंकू फासलेलं! वर तांदळाचे दोन दाणे चिकटवलेले. तिने ओल्या फडक्याने ते हळूच पुसून काढलं आणि कुणाला काही बोलली नाही. सणाच्या तोंडावर कशाला तंटा?

दसऱ्याला कारखाना बंद. दसरा सुंदराच्या घरचाही मोठा दिवस, पण सोनं लुटायचा नव्हे. याच दिवशी बाबासाहेबांनी दीक्षा दिली. पांढरी साडी नेसून ती आईबरोबर वंदनेला गेली, खीर खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून कामावर हजर झाली.

त्याच सकाळी मुंबईहून जीपमधून टपालाची पिशवी आली. पिशवीत फ्लॉपी होती आणि फ्लॉपीत कामगारांच्या कराराचा मसुदा. अख्खी शेड त्या मसुद्याची वाट बघत होती. तो छापायचा, युनियनला वाचून दाखवायचा, सह्या व्हायच्या, मग दिवाळी गोड. सबनीससाहेब, म्हणजे मॅनेजर, स्वतः चपला काढून खोलीत येऊन उभे राहिले.

सुंदराने फ्लॉपी घातली, पत्रं लिहायचा प्रोग्राम सुरू केला, फाईल उघडली. आणि पडद्यावर आलं ते भलतंच. वरच्या ओळींत नुसती हसरी तोंडं, बदाम, किलवर, वाकड्यातिकड्या रेघा. खाली मध्येच एखादा इंग्रजी शब्द, 'वर्कमेन', 'मॅनेजमेंट', आणि पुन्हा चिन्हांचा पाला. पत्त्यांचा डाव विस्कटून कुणीतरी कागदावर ओतावा, तसं.

"हे काय?" सबनीस म्हणाले.

"माहीत नाही, साहेब."

तिने बाहेर येऊन पुन्हा उघडली. तीच तोंडं, तशीच हसतायत. तिने कपाटातल्या जुन्या फ्लॉप्या एकेक घालून बघितल्या. सगळ्या मुकाट उघडल्या. उघडेना ती फक्त नवी.

"साहेब, मुंबईला विचारायला पाहिजे. तिकडूनच काहीतरी वेगळं आलंय."

"हेड ऑफिसला विचारू? तुम्ही फ्लॉपी बिघडवून पाठवलीत म्हणून?" सबनीसांनी कपाळाला हात लावला. वरच्यांना प्रश्न विचारायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे.

आता बातमीला काय पाय लागतात? चहाच्या सुट्टीपर्यंत शेडभर झालं, काँप्युटर रुसला. का रुसला? पूजा नाय केली! पॅकिंगमधली जिजा, जी रोज सुंदराच्या डब्यातली चटणी मागून खायची, ती तोंडावर म्हणाली, "एक बोट कुंकू लावलं असतंस तर काय झिजली असतीस गं? तुज्यापायी आमचा करार अडला." आणि भर शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, ठोंबरे गरजला, "मी सांगत व्हतो! हिनं हट्टानं बिघडवलंन!"

सुंदराने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो बघत होता खोलीच्या दाराआड वाळत घातलेल्या फडक्याकडे, ज्यावर कुंकवाचा लाल डाग अजून तसाच होता. तेव्हा तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अरे, हा तर भेदरलाय! आपल्याच कुंकवाने यंत्र बिघडलं असेल, या भीतीने याची गाळण उडालीय, आणि म्हणून हा माझ्या नावाने शंख करतोय.

दुपारी सबनीसांनी तिला बोलावलं. आवाज मऊ केला.

"सुंदरा, वाढवू नकोस. चार ओळींचा माफीनामा लिहून दे, माझ्या निष्काळजीपणामुळे फ्लॉपी खराब झाली म्हणून. मी तो मुंबईला पाठवतो, ते दुसरी फ्लॉपी पाठवतील, विषय संपला. तुझी नोकरी मी सांभाळून घेतो."

"पण मी खराब केली नाही, साहेब."

"मग कुणी केली?"

आता जिभेच्या टोकावर नाव होतं. फडकं आणून टेबलावर टाकलं असतं की काम फत्ते! ठोंबरे मागे उभा, तोंड पांढरंफटक. सुंदराने एकदा त्याच्याकडे बघितलं.

"मला माहीत नाही."

"माफीनामा नसेल तर उद्या येऊ नकोस," सबनीस म्हणाले. आणि गंमत बघा, कागद पुढे सरकवून वर म्हणतात, "तूच टाइप कर. दुसऱ्या कुणाला ते यंत्र येत नाही."

कोरा कागद घडी करून तिने पर्समध्ये टाकला आणि घर गाठलं.

संध्याकाळी आई, सोनाबाई, चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलंन आणि परातीवर हात आपटलान.

"कुंकू त्यानंच फासलं ना? मंग घे की त्याचं नाव! गप का बसलीस?"

"आई, कुंकवाने बिघडलं का, ते मला ठाऊक नाही ना! त्याने माझं नाव घेतलं तसंच मी त्याचं घ्यायचं?"

सोनाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुज्या बापानं दीक्षा घेतलीन, घरातले देव पेज नदीत सोडलेन. त्याच सालात आमची म्हस मेली. सारा गाव दारात. म्हनले, देव कोपले, धाकलू, परत आन, चूक झाली म्हन. तुजा बा काय म्हनला ठावं हाय? म्हनला, म्हस म्हातारी व्हती, मेली. बस. दूध गेलं आमचं, पर त्यानं चूक झाली म्हनलं नाय."

"नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. तुजी आई अजून भात लावती. पर खोटं लिवून आलीस, तर या चुलीपुढं बसू नको."

झालं! एवढं ऐकल्यावर सुंदराला काय अडवणार होतं?

दुसऱ्या दिवशी 'येऊ नकोस' सांगितलेली सुंदरा सगळ्यांच्या आधी येऊन बसली. खुर्चीत, ताठ. रखवालदाराने हटकलं तर म्हणाली, "माफीनामा टाइप करायचाय. साहेबांनीच सांगितलंय." पण काँप्युटर तिने सुरूच केला नाही. त्याला मराठी येत नव्हतं, आणि शेडमधल्या किती जणांना इंग्रजी येत होतं? कोपऱ्यात धूळ खात पडलेला मराठी टाइपरायटर तिने उचलून टेबलावर घेतला. फीत सुकलेली, 'ळ' अडकणारा. ती कळा ठोकत सुटली. शेडमध्ये कामाला लागणाऱ्यांनी माना वळवल्या.

मग तोच घडी पडलेला कागद तिने नेला आणि नोटीस बोर्डावर, दसऱ्याच्या सुट्टीच्या नोटिशीशेजारी, टाचण्यांनी ठोकला. खाली लफ्फेदार सही.

"मी सुंदरा धाकलू रोकडे असे लिहून देते की, मी यंत्राची पूजा केली नाही आणि पुढेही करणार नाही. मी फ्लॉपी बिघडवलेली नाही. ती का उघडत नाही हे मला माहीत नाही. ज्यांनी माझे नाव घेतले त्यांनाही माहीत नाही. मुंबईला विचारा."

बोर्डापुढे ही गर्दी! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना जिजाने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या दोन शब्दांवर ती थबकली.

"अगो बाई! म्हंजे मुंबईला कुनी इचारलंच नाय?"

लेथवरचा नामा पुढे आला. "काल दिवसभर पोरीच्या नावानं बोंबललो, आन् एक फोन नाय केला? साहेब! साहेब!"

सबनीस बाहेर आले ते तणतणत. "रोकडे! काढ तो कागद!"

"नाही काढणार. तुम्ही लिहून मागितलंत, मी लिहून दिलं."

"मी तुला आत्ता घरी पाठवीन!"

"पाठवा. पण मी गेल्यावर फ्लॉपी उघडणार आहे का? उघडणार असेल तर ही मी चालले." ती बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. "साहेब, फोन करायला तुम्ही घाबरता आणि माफी मी मागायची, हा कुठला न्याय?"

शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं. सगळे साहेबांकडे बघत उभे. सबनीसांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आत जाऊन मुंबईचा कॉल लावायला घेतला. लाइन लागेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. दार उघडंच होतं, त्यामुळे साहेबांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

"हो सर... नाही, उघडत नाहीये... चिन्हं येतायत सर, हसरी तोंडं... काय? नवीन? कधीपासून?... अच्छा. दसऱ्याच्या मुहूर्तावर... नाही नाही, पेढे मिळाले नाहीत... म्हणजे आमच्या यंत्रावर ते उघडणारच नाही?... जुनं झालं. हो. हो सर."

सबनीसांनी फोन खाली ठेवला आणि सुंदराला आत बोलावून काय झालं ते सांगितलं. हेड ऑफिसने दसऱ्याचा मुहूर्त साधून पत्रं लिहायचा नवा प्रोग्राम घेतला होता. त्यात लिहिलेलं खालापूरच्या जुन्या प्रोग्रामला कळणंच शक्य नव्हतं. मुंबईकरांनी यंत्राला हार घातला, पेढे वाटले, आणि इकडे कळवायचं तेवढं विसरले! मसुदा आता जुन्या पद्धतीने लिहून संध्याकाळी जीपने पाठवतो म्हणाले.

म्हस म्हातारी व्हती. बस. सुंदराला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"झालं तर मग," सबनीस घसा साफ करत म्हणाले. "गैरसमज झाला. आता कागद काढ, कामाला लागा सगळे."

"असं नाही, साहेब. काल शेडमध्ये सगळ्यांसमोर मला बोल लागला. आज खोलीत हळूच गैरसमज? जिथे बोल लागला तिथेच येऊन सांगा. मग मी माझ्या हाताने कागद काढते."

साहेब आले. काय करणार, न येऊन सांगतायत कुणाला? शेडच्या मधोमध उभे राहून म्हणाले, की रोकडेबाईंची काही चूक नव्हती, चूक आमची होती. जिजा मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावलान. ठोंबरे मात्र पाइपांच्या थप्पीमागे उभा होता, तिथून हलला नाही. सुंदराने बोर्डावरचा कागद काढला, आणि जाता जाता दाराआडचं फडकं ओढून, चुरगाळून, त्याच्या हातात दिलं. "धुऊन आणा, भाऊ," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी फडकं धुतलेलं, नीट घडी घातलेलं, खुर्चीवर होतं.

दिवाळीनंतर ती कायम झाली.

पुढच्या खंडेनवमीला ठोंबरे पुन्हा थाळी घेऊन निघाला. लेथ झाला, काटा झाला, जीप झाली. खोलीच्या दाराशी आला आणि थांबला. आत सुंदरा टाइप करत होती. तिने मान वर केली नाही.

"सुंदरा," तो म्हणाला, आणि 'पोरी' म्हणाला नाही, "आत येऊ का?"

"या की. चपला काढा आधी."

त्याने चपला काढल्या. मग हातातल्या थाळीकडे बघितलं, ती उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवली, आणि रिकाम्या हातांनी आत आला.