दुपारी लागलेला निकाल

आमच्या घरी मॅचचा निकाल दुपारी लागायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी कळायचा.

बाबा वसईजवळ सातिवलीला एका छोट्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. आठ ते पाच. मशीनच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नसे, आणि मॅच आहे म्हणून रजा मागणं त्यांना पटत नसे. म्हणून त्यांनी एक जुना व्हीसीआर आणला. तेव्हा मी चौथीत होते, माझी शाळा सकाळची. दिवसाची वन-डे असली की पहिल्या डावाचा स्कोअर त्यांना कळलेला चालायचा, पण दुसरा डाव मी टेप करून ठेवायचा आणि सहा वाजता बाबा आले की तो आम्ही दोघांनी मिळून बघायचा, जणू आत्ताच चाललाय.

कॅसेट तीन तासांची आणि डाव साडेतीन तासांचा. त्यामुळे सव्वाचारच्या सुमारास, मॅच अगदी रंगात आलेली असताना कॅसेट बदलावी लागे. कितीही घाई केली तरी दोन-तीन बॉल निसटायचेच. ते मी नीट बघून ठेवायचे. टेपमध्ये ती जागा आली की बाबा म्हणायचे, “हं, आता तू.” मग मी टीव्हीसमोर उभी राहून सांगायचे, “पहिला ऑफ स्टंपच्या बाहेर, सोडला. दुसऱ्यावर एक रन.” बाबा मान डोलवायचे. “फील्डर कुठे होता?” असंही विचारायचे. पण “नक्की ना?” असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

“झालं, बापलेकीचं थेटर सुरू,” आई स्वयंपाकघरातून म्हणायची. “अहो, सकाळच्या पेपरात सगळं छापून येईल की.”

“पेपरात मॅच नसते गं मनोरमा. पेपरात मॅचचं प्रेत असतं.”

कारखान्यातून घरी येईपर्यंत निकाल कानावर पडू न देणं हे मोठंच काम होतं. रिक्षा स्टँडवर, पुलावर, पानाच्या टपरीवर, सगळीकडे तेच बोलणं. बाबा कानांत कापूस घालून यायचे. त्यांच्या मशीनशेजारी काम करणारा फ्रेडरिककाका वसईतल्या होळी भागात राहायचा. स्टेशनपर्यंत तो त्यांच्यापुढे चालायचा आणि ओरडायचा, “बाजूला व्हा रे, कोणी स्कोअर सांगू नका, पेशंट आहे!” कधी मुद्दाम छळायचा. “आत्माराम, एवढंच सांगतो, आज लवकर जेवून घे.” बाबा त्याच्या पाठीत डबा घालायचे.

एवढं करून बाबा दारात यायचे आणि माझ्याकडे बघितलं की त्यांना कळायचं. “हरलो का गं?” मी रडकुंडीला यायचे. “तुझा चेहरा म्हणजे स्कोअरबोर्ड आहे, ज्ञानू. दिवे लागलेले असतात.”

म्हणून मी शिकले. बेल वाजली की तोंड धुवायचं, सतराचा पाढा मनात म्हणायचा आणि दार उघडायचं. वर्षभर जमलं नाही. सहावीत असताना एकदा जमलं. हातातून गेलेली मॅच शेवटच्या ओव्हरमध्ये आपण जिंकलो होतो. दार उघडलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “ठीक आहे. हरलो तर हरलो. बघू तरी.” शेवटची ओव्हर संपली तेव्हा ते खुर्चीवर उभे राहिले. मला उचलून गॅलरीत नेलं आणि समोरच्या केळीच्या वाडीतल्या राखणदारांना ओरडून सांगितलं, “हिने फसवलं मला! शेवटपर्यंत कळू दिलं नाही!” दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. मला आयुष्यात पुढे जी काही बक्षिसं मिळाली, त्यांतल्या कुठल्याच दिवशी मी इतकी उंच झाले नव्हते.

त्या वाडीच्या जागी आता तीन इमारती आहेत. व्हीसीआर कधी भंगारात गेला, आठवत नाही. मी नोकरीला लागले, बाबा निवृत्त झाले. मॅच फोनवर आली, पण घरी असले की आम्ही दोघं एकत्रच बघायचो.

गेल्या वर्षी जुलैमध्ये बाबांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. “चार महिने. फार तर पाच,” ते म्हणाले. “त्यांना सांगायचं की नाही, घरच्यांनी ठरवा.”

मी बाहेर आले. बाबा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी नुसतं वर बघितलं, दारात उभे राहून बघायचे तसं. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पण माझा चेहरा आपोआप शांत झाला. इतकी वर्षं मुरलेली सवय होती ती.

“अल्सर आहे,” मी म्हणाले. “औषधं आहेत. वेळ लागेल.”

“सुटलो,” बाबा म्हणाले. खाली येऊन त्यांनी बटाटेवडा मागितला. अर्धाच खाल्ला. तिथूनच फ्रेडरिककाकाला फोन लावला. “अरे काही नाही, नुसता अल्सर. तुझ्या घरची कोळंबी काही दिवस बंद, एवढंच.”

घरी आल्यावर मी आईला खरं सांगितलं. ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, “त्यांना सांगायला हवं गं.”

“नंतर सांगू. आत्ता खूश आहेत.”

“तू बघ. तुमचं दोघांचं काय ते.”

मी पाहिलं नाही. रोज उद्यावर ढकललं. बाबा खरंच खूश होते, आणि त्यांना खूश बघणं मला हवं होतं. तेव्हा मला हे असं स्वच्छ दिसत नव्हतं.

गणपतीच्या आधी बाबा एकदा म्हणाले, “या वर्षी गावाला जावं म्हणतो. शत्रुघ्नकडे.” शत्रुघ्नकाका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या पंपावरून दोघांचं भांडण झालं होतं, नऊ वर्षं बोलणं नव्हतं. पंप कधीच बदलला होता. भांडण तसंच राहिलं होतं.

मग स्वतःच म्हणाले, “पण हा प्रवास झेपायचा नाही. जरा बरं वाटू दे. पुढच्या वर्षी जाऊ. काय?”

“हो,” मी म्हणाले. “पुढच्या वर्षी जाऊ.”

हे मी बोलले. ते पुन्हा पुन्हा आठवतं. गप्प राहता आलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना कावीळ झाली आणि वसईतल्याच एका हॉस्पिटलात ठेवलं. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर राउंडला आला आणि पायाशी उभा राहून दुसऱ्याला सगळं इंग्रजीत सांगून गेला. बाबांना तेवढं इंग्रजी कळत होतं. तो गेल्यावर बाबांनी पंख्याकडे बघतच विचारलं,

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“जुलैपासून.”

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. “म्हणजे गणपतीच्या आधी.”

“हो.”

“आईला?”

“तिलाही. ती सांग म्हणत होती. मीच नाही सांगितलं.”

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं होतं, ज्ञानदा.”

ज्ञानू नाही म्हणाले.

मी बाहेर जाऊन शत्रुघ्नकाकांना फोन केला. नऊ वर्षांनी माझा आवाज ऐकून ते आधी आनंदाने बोलायला लागले, मग मी सगळं सांगितलं. “निघतो गो,” म्हणाले. पण ते स्वतः पाय मोडून घरात पडले होते. प्लास्टर निघायला चार दिवस होते. “फोन दे त्याला,” ते म्हणाले. मी फोन बाबांच्या कानाशी धरला. पलीकडून रडणं ऐकू येत होतं. बाबा एकदा म्हणाले, “ये.” बस.

काका शुक्रवारी सकाळी कुबडी घेऊन आले. बाबा गुरुवारी संध्याकाळी गेले.

बुधवारी मॅच होती. कसोटीचा शेवटचा दिवस, सकाळचं सत्र. बाबांना डोळे फार वेळ उघडे ठेवता येत नव्हते, बोलणं बारीक झालं होतं. मी फोनवर मॅच लावली आणि त्यांच्या उशाशी बसले. आवाज अगदी कमी केला होता. त्यांनी मला थांबवलं नाही, त्यामुळे मला आशा वाटली. मॅच वाचवायची तर दिवसभर खेळून काढायचं होतं आणि सात विकेट गेल्या होत्या.

“स्कोअर?” बाबांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं.

“सात बाद एकशे अठ्ठ्याऐंशी.”

पाच-सहा बॉल गेले, एकावरही रन निघाला नाही. मग शर्ली सिस्टर सलाईन बदलायला आली. बाबांनी डोळे उघडले.

“सिस्टर, स्कोअर काय झालाय?”

“मॅच आहे होय आज? थांबा हां अंकल.” तिने खिशातला फोन काढला. “एकशे अठ्ठ्याऐंशी. सात आउट.” मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि ती हसली. “अहो, मुलगी उशाशी मॅच लावून बसलीय की! तिला विचारायचं ना.”

“हो,” बाबा म्हणाले.

शर्लीने सलाईनचे थेंब मोजले, चादर सारखी केली आणि ती गेली. पुढच्याच ओव्हरमध्ये आठवी विकेट गेली.

“बाबा,” मी म्हणाले, “आठ.”

त्यांनी मान वळवली आणि शर्ली गेली त्या दाराकडे बघत राहिले.