बुडबुडा कुणाच्या बाटलीत

मला वर्गात कारकून म्हणतात. तक्ता आखायचा असला, आकडे भरायचे असले की सगळे माझ्याकडे बोट दाखवणार. अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा. त्यामुळे चार शाळांनी मिळून नदीचं पाणी तपासायचं ठरवलं तेव्हा मोठा तक्ता माझ्याच गळ्यात पडला. पाच जागा होत्या. आमच्या शाळेकडे तीन आणि चार नंबर. तीनचं पाणी मी घ्यायचं, चारचं चिमणीने.

चिमणी म्हणजे आवाजाने चिमणी, हट्टाने घार. चार नंबरच्या शेजारी पंपघर आहे, आणि तिथलं पाणी तिच्या वस्तीच्या नळांना जातं. तीन महिन्यांत तिची धाकटी बहीण चार वेळा आजारी पडली होती. वस्तीने तक्रार केली तेव्हा पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "शाळांच्या अहवालात चार नंबर वाईट निघाला तर माझी माणसं पाठवून रीतसर तपासणी करतो. नाही निघाला तर फाइल बंद." आम्हाला या प्रकल्पाचे वीस मार्क होते. तिला काय होतं ते सांगायला नको.

पद्धत सोपी होती. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची आणि बूच आतच लावायचं. बुडबुडा राहता कामा नये, हे मॅडमनी दहा वेळा सांगितलेलं. मग दोन औषधं घालून हलवायची. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. पुढे मोजणी करून आकडा काढायचा; आकडा जितका कमी, तितकं पाणी वाईट.

चिमणी गुडघाभर पाण्यात उभी राहिली, बाटली उलटसुलट करून तीन वेळा बघितली, मगच बाहेर आली. आणि मी? शेवाळावरून घसरलो, एक चप्पल वाहून चालली, तिच्यामागे धावलो आणि बूच कसंबसं दाबलं. बाटलीत अंगठ्याच्या पेराएवढा बुडबुडा राहिला. परत भरायची तर परत पाण्यात उतरावं लागणार होतं. म्हटलं, मरू दे, कुणाला कळतंय! औषधं घातली आणि चांगली खुळखुळवली. साका मस्त तपकिरी बसला. चिमणीच्या बाटलीतला जवळजवळ पांढराच होता.

निष्कर्ष काढायला आम्ही प्रयोगशाळेत बसलो. एक नंबर सात पूर्णांक सहा, दोन नंबर सात पूर्णांक तीन, माझा सहा पूर्णांक दोन, शेवटचा पाच पूर्णांक नऊ. मध्ये चिमणीचा एक पूर्णांक आठ.

"हिच्या बाटलीत बुडबुडा राहिला असणार," पैलवान म्हणाला. फुंकर मारली तर उडेल असा पोरगा, म्हणून पैलवान. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

"नव्हता," चिमणी म्हणाली. "मी तीनदा बघितलं."

"अगं, मग तुझ्या एकटीचाच आकडा कसा पडला?" मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. तीन वाजता चारही शाळांचा तक्ता बंद होणार होता आणि त्या सकाळपासून उपाशी होत्या.

मला माहीत होतं. बुडबुड्यात हवा असते, हवेने आकडा वाढतो, कमी होत नाही. आदल्याच आठवड्यात परीक्षेत मी हे लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. बुडबुडा कुणाच्या बाटलीत होता तेही माहीत होतं. माझा आकडा खरा आला असता तर तोही खाली असता, आणि चिमणी एकटी पडली नसती. पण मी मिठाची गुळणी धरून बसलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. एका चपलेची लाज!

"कारकून, खोड तो आकडा," मॅडम म्हणाल्या. मी पट्टी लावून सरळ रेघेत खोडला. शेजारी लिहिलं, 'नमुना घेताना चूक'. खाली निष्कर्ष लिहिला, 'पाणी सर्वत्र समाधानकारक'. सगळ्यांनी सह्या केल्या. एक जरी सही राहिली तरी शाळेचा अहवाल धरणार नाहीत असं कळल्यावर चिमणीनेही केली.

आठवड्याने ती पुस्तक घेऊन माझ्या बाकापाशी आली. पानात बोट घातलेलं होतं.

"बुडबुड्याने आकडा वाढतो ना रे?"

"हो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

मी सगळं सांगितलं, चपलेसकट. वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चल, मॅडमकडे."

मॅडमनी ऐकून डोक्याला हात लावला आणि आमच्यासमोरच पाणीखात्याला फोन केला. साहेबांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "बाई, निष्कर्ष पोरांचा, सह्या पोरांच्या. फाइल बंद झाली. हे वरातीमागून घोडं कशाला? पुढच्या वर्षी बघू." पुन्हा तपासावं तर औषधं उसनी आणलेली, ती कधीच परत गेली होती.

"निदान आईला तरी सांग," चिमणी म्हणाली. "माझं ती ऐकतच नाही."

तिच्या घरी गेलो. एकच खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात धाकटी पाटीवर रेघोट्या ओढत बसलेली. काकूंनी थेट नळ सोडला, पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"काकू, तुम्ही उकळत नाही?"

"उकळायचे की! तुमचा अहवाल आला तेव्हापासून सोडलं. शाळेनेच चांगलं म्हटलंय, मग उगाच कशाला?"

"ते चुकलंय. चिमणीचा आकडा बरोबर होता. बुडबुडा माझ्या बाटलीत होता."

काकू हसल्या. "मैत्रिणीची बाजू घेतोयस होय रे? गुणाचा आहेस. पण वर्गासमोर खोडला ना तिचा आकडा? तिने सहीपण केली. हिला लहानपणापासून धड काही भरता येत नाही, बादलीसुद्धा सांडत आणते."

"खरंच सांगतोय, काकू. शप्पथ."

"बरं बरं. पाणी पी."

चिमणी दाराशी उभी होती. मी पेला तसाच धरून बसलो. धाकटी पाटी टाकून उठली, म्हणाली, "दादाला नको असेल तर मला दे," आणि माझ्या हातातून पेला घेऊन गटागटा प्यायली.