हवेत सोडलेलं औषध

मी दम्याचा पंप बोलतोय. दिसायला बोटभर, पण चौकशा हातभर! दिवसभर पर्समध्ये राहायचं, तर कान टवकारणार नाही तर काय करणार?

औषधाच्या दुकानातून मी थेट हिच्याकडे, माझ्या मालकिणीकडे आलो. ही शिलाईच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. कापडाची धूळ उडते, छाती भरते. म्हणून सकाळ-संध्याकाळ मला तोंडाशी धरायची, दाबायची आणि डोळे मिटून श्वास रोखायची. फार लाडका होतो मी.

मग तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद, आणि माझ्या नशिबी मोज्यांचा कप्पा! शेजारच्या मशीनवरची ताई तिला म्हणाली होती, “अशा दिवसांत औषधाला हात लावू नये गं. सगळं बाळाला पोचतं.” त्याच ताईनं दिलेला कसल्याशा पाल्याचा काढा मात्र ही निमूट प्यायची. का, तर तो औषध नव्हे!

नवरा रोज विचारायचा, “पंप घेतलास ना?” त्याच्या समाधानासाठी ही मला न्हाणीघरात न्यायची आणि हवेत दाबायची. बाहेर आवाज गेला की झालं. माझं सगळं औषध आरशाला. आरशाला कुठे दमा?

इकडे जिना चढताना ती मध्येच थांबायची, चपलेचा पट्टा सारखा करायचं नाटक करत. ती घरात आली की कप्प्यातही मला तिची छाती वाजलेली ऐकू यायची. पण मला विचारतो कोण!

एका सकाळी सासूबाई न्हाणीघराच्या दाराबाहेर वाटाणे सोलत होत्या. आत ‘फुस्स’ झालं आणि लगेच हिचा आवाज, “घेतला हो, आई!”

सासूबाईंचे हात थांबले. “घेतलास तर लगेच बोललीस कशी? श्वास रोखायचा असतो ना? मला काय खुळी समजलीस?”

दार उघडलं. ही भिंतीला टेकून धापा टाकत होती. पोटावर हात ठेवून म्हणाली, “आई, याला काही झालं तर?”

“आणि तुला काही झालं तर त्यानं कुणाकडे बघायचं गं?”

तशाच दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पंपाचं, काढ्याचं सगळं ऐकूनही त्या रागावल्या नाहीत. “भीती वाटणारच. पण बंद करण्याआधी मला विचारायचं. या पंपापेक्षा तुझा कोंडलेला श्वास बाळाला जड जातो. आणि तो काढा आधी थांबव.”

“तो तर झाडपाल्याचा आहे!”

“त्यात काय आहे, तुला माहीत आहे? मलाही नाही.”

संध्याकाळी तिनं मला ओठांशी धरलं. दाबलं, श्वास रोखला. समोर सासूबाईंनीही रोखला, आणि आधी सुटला तो त्यांचाच. मग दोघी हसत सुटल्या.

आता मी रिकामा झालोय. नवा पंप आलाय. पण मला टाकून द्यायला तिचं मन होत नाही.

जाता जाता एकच मागणं. बायांनो, बाळाच्या काळजीनं खुशाल घाबरा, आईच ती. पण एकटीनं घाबरू नका. कुणाला तरी हाक मारा.