मला विकायला निघाले होते

मित्रांनो, मी एक जुनी एटीव्ही आहे. चार फुगीर चाकं, एक सीट आणि मोटरसायकलसारखं हँडल. ‘जुनी’ हा शब्द ऐकून कुणाला हळहळायचं असेल तर त्यांनी खुशाल दुसरी गोष्ट वाचावी. मला कीव नको आहे.

माझी पहिली सहा वर्षं चिखलात उड्या मारण्यात गेली. तेव्हाचे मालक शिट्ट्या वाजवून माझं कौतुक करत, पण माझं तेल कधी बदलत नसत. मग देवदत्तकाकांनी मला घेतलं. काका निवृत्त भूलतज्ज्ञ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, त्यांचं आणि कादंबरीकाकूंचं पंधरा एकर रान आहे. काका शिकार करत नाहीत. थंडीत हरणं झाडांच्या साली कुरतडतात, ते त्यांना बघवत नाही. म्हणून रानाच्या मधोमध अर्धा एकर मोकळ्या जागेत हरणांसाठी आणि रानटर्की पक्ष्यांसाठी क्लोव्हर पेरायचं त्यांनी ठरवलं. क्लोव्हर म्हणजे मेथीसारख्या तीन पानांचा चारा. त्या जागेकडे जाणारी वाट दोन ओक झाडांच्या मधून जाते, आणि ती जेमतेम माझ्याएवढीच रुंद आहे.

मे महिन्यात काकांनी माझ्या मागे माती भुसभुशीत करणारा, लोखंडी तव्यांचा कुळव जोडला. तवे जमिनीत रुतावेत म्हणून वर दोन दगड ठेवले. मी पहिल्या गिअरमध्ये, घाई न करता, तीनदा उभी आणि तीनदा आडवी फिरले. दगडगोट्यांची ती जमीन मी पिठासारखी मऊ करून दिली. हे मी फुशारकीने सांगते आहे, कारण ते खरं आहे.

पण काकांचं लहानपण सोलापूरकडच्या ज्वारीच्या शेतात गेलेलं, आणि तिथे बी खोल पेरतात. त्यांनी बी फेकलं आणि वरून पुन्हा कुळव फिरवून ते चांगलं दोन बोटं गाडलं. महिना झाला तरी तणाशिवाय काही उगवलं नाही.

त्यांची मुलगी अदिती पिट्सबर्गहून आली होती. ती म्हणाली, “बाबा, धिस थिंग इज अ टॉय. सेल करून टाका ना. ट्रॅक्टर रेंट करू.”

“खरं आहे तुझं,” काका म्हणाले. “खोल नांगरटच झाली नाही हिच्याकडून.”

नाचता येईना, अंगण वाकडं! मला रडू आलं नाही, राग आला. काकांनी एका लाकडी फळीवर ‘फॉर सेल’ असं रंगवलं आणि मला फळीसकट रस्त्याच्या कडेला उभं केलं. दोन गिऱ्हाइकं आली. एकाने माझ्या टायरला लाथ मारून पाहिली. दोन्ही वेळा मी खोकले, काळा धूर सोडला आणि बंद पडले. शेतातल्या धुळीने माझा एअर फिल्टर गच्च भरला होता, हे एक कारण. दुसरं कारण माझा हट्ट. मला जायचं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि ओकांपाशी अडकला. थंडीआधीच्या दुसऱ्या पेरणीचे थोडेच दिवस उरले होते.

“एक झाड कापावं लागेल,” काका म्हणाले.

काकू बियांची पिशवी घेऊन झाडापुढे उभ्या राहिल्या. “अहो, हरणांना जेवायला घालायचं म्हणून ओक पाडणार? आधी हे वाचा. बी पाव इंचच खोल, असं लिहिलंय इथे. मी कुंडीत मेथी टाकते तेव्हा वरून नुसता हात फिरवते, बघितलंय ना? तुम्ही तर बी पुरून टाकलंत.”

काका बराच वेळ पिशवी वाचत राहिले. मग ट्रॅक्टर परत पाठवून ते रस्त्यावर माझ्यापाशी आले आणि गुडघे टेकून बसले. माझा फिल्टर काढून त्यांनी उन्हात धरला. त्यातून ऊन दिसेना.

“सॉरी गं,” ते म्हणाले. “आयुष्यभर लोकांचे श्वास मोजले, आणि तुझा एकदाही बघितला नाही.”

त्यांनी फिल्टर धुतला, वाळवला, तेल बदललं. पहिल्याच झटक्याला मी सुरू झाले आणि दोन्ही ओकांच्या मधून अंग न घासता आत गेले. शेत तयार झाल्यावर काकांनी बी मातीच्या वरच फेकलं. ते हलकेच दाबायला सपाट लाकूड हवं होतं. काकांनी ‘फॉर सेल’ची फळी दोराने माझ्या मागे बांधली, अक्षरं खाली करून.

दहाव्या दिवशी पोपटी कोंब दिसले. ऑक्टोबरमध्ये एक हरिणी दोन पाडसांना घेऊन आली. सुट्टीला आलेली अदिती ओकाआडून बघत हळूच म्हणाली, “ओके बाबा, आय वॉज राँग.”

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं यंत्र बंद पडलं तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याचा श्वास तपासा. आणि आपली चूक त्याच्या माथी मारू नका. यंत्रं बोलत नाहीत, पण मनात ठेवतात.

दर पेरणीला ती फळी मी मातीतून ओढते. आता तिच्यावर एकही अक्षर उरलेलं नाही.