काट्याला न दिसलेले अकरा दिवस

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावातल्या एका मराठी घरातला वजनकाटा. वय वर्षं चार, म्हणजे इथल्या मानानं म्हाताराच. कोणी पाय ठेवला की आकडा दाखवायचा आणि तो फोनवर पाठवायचा, एवढंच मला कारखान्यात शिकवलं.

पहिली तीन वर्षं मजेत गेली. छोटी आन्या माझ्यावर एका पायावर उभी राहून ओरडायची, "आय ॲम अ फ्लेमिंगो!" मग तिच्या आईचे, गिरिजाचे, सांधे सुजले. तिला साधं बरणीचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. हात चालू लागले, पण भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि माझे आकडे चढत गेले.

ते आकडे तिच्या नवऱ्याच्या, परीक्षितच्या फोनवर जात. रोज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "गिरिजा, परत दोन पाउंड? जरा कंट्रोल कर यार!"

"अरे, गोळ्यांनी वाढतंय."

"गोळ्यांत कॅलरी नसतात."

माझ्यावर चढण्याआधी ती कानातली काढून ठेवू लागली. कानातल्यांनी किती फरक पडतो, ते मला विचारा.

मग आकडा उतरू लागला. परीक्षित खूश. "बघ, मनावर घेतलं की जमतं!" मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

एका शनिवारी आकडा आणखी उतरला. तिकडे फोनमध्ये टाळ्या वाजल्या आणि इकडे गिरिजा भोवळ येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसली. परीक्षित हसत आला, तो दारातच थांबला.

"काय झालं?"

"गोळ्या बंद केल्यात मी. अकरा दिवस झाले."

"मला सांगायचंस तरी!"

"ते तुझ्या ॲपवर दिसत नाही ना."

अशा गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात. त्यानं तिला तसंच हॉस्पिटलमध्ये नेलं. दोन दिवसांनी ती घरी आली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परीक्षितनं फोनवरून ॲप काढलं आणि मला गॅरेजमध्ये ठेवलं. त्याचे टोमणे अगदीच थांबले असं नाही. "हा दुसरा लाडू ना?" असं तो एकदा म्हणालाच. गिरिजा म्हणाली, "तिसरा."

परवा भारतात जायच्या बॅगा भरल्या, तेव्हा मला बाहेर काढलं. बॅग उचलून माझ्यावर उभं राहायचं आणि माणसाचं वजन त्यातून वजा करायचं, अशी इथली रीत.

"आधी नुसता तू चढ," गिरिजा म्हणाली.

परीक्षित पोट आत ओढून चढला. आकडा पाहून हळूच म्हणाला, "मोठ्यानं वाचू नकोस गं."

तिनं वाचला नाही. तो बॅग घेऊन पुन्हा चढल्यावर कागदावर वजाबाकी केली, बॅगेचं वजन तेवढं सांगितलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसा, सेल बदला, एवढं पुरे. पण माझ्यावर तुमचं माणूस उभं असेल, तर आकडा बघण्याआधी त्याला विचारा, "बरं वाटतंय ना?" मला ते विचारता येत नाही.