पहिल्या नंबराचं भाषण

माझं भाषण पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

विषय होता 'स्वावलंबन'. नववी ब मधून मी एकटीच उभी राहिले होते. त्याआधी मी वर्गात हजेरीसुद्धा इतक्या बारीक आवाजात द्यायची की सर दोनदा नाव घ्यायचे, "क्रांती हाय का न्हाय आज?" महिनाभर रोज सकाळी तयारी. मी पाण्याच्या टाकीवर उभी, खाली पप्पा गाडीच्या चेनला ऑइल सोडत बसलेले. "माझे वडील कुणाचे नोकर नाहीत! मनात आलं की ते गाडी काढतात, मनात आलं की थांबतात!" शब्द अडला की खालून आवाज यायचा, "स्वतःच्या घामाचे... म्हन की पुढं!"

"स्वतःच्या घामाचे ते स्वतःच मालक आहेत!"

जिल्ह्यात पहिला नंबर आला. एवढी मोठी ढाल! पप्पांनी ती गाडीवरच्या, घरोघरी जेवण पोचवायच्या निळ्या पेटीत ठेवून आठवडाभर अख्ख्या कसबा बावड्यात फिरवली. गिऱ्हाइकाला पार्सल दिलं की पेटी पुन्हा उघडायचे. "पोरगी हाय माझी. लई बोलती."

पप्पा आधी एका फौंड्रीत होते, बारा वर्षं. तिथला सुपरवायझर त्यांना 'ए संग्या' म्हणायचा. माझ्या पप्पांचं नाव संग्राम आहे. एकदा सगळ्यांदेखत त्यानं हजेरीकार्ड पप्पांच्या तोंडावर फेकलं. पप्पांनी ते उचललं नाही, गेटबाहेर आले आणि परत गेलेच नाहीत. मग हे घरपोच जेवण पोचवायचं काम धरलं. मोबाइल उघडला की ॲपमध्ये यायचं, 'नमस्कार पार्टनर'. पप्पा आईला दाखवायचे, "बगितलंस शालन? नमस्कार घालत्यात मला."

"नमस्कार घालत्यात, पर सुट्टी कुठं देत्यात?" आई म्हणायची.

हे भाषणात नव्हतं. एकदा अंगात ताप होता म्हणून पप्पांनी ऑर्डर नाकारल्या, तर ॲपच्या कंपनीनं दोन दिवस त्यांचा आयडी बंद ठेवला, म्हणजे कामच बंद. तेही नव्हतं. मला सगळं माहीत होतं. पण ते घातलं की भाषण मध्येच लंगडायचं, म्हणून मी गाळलं.

जानेवारीत, उसाचा हंगाम भरात असताना, साखर कारखान्याच्या वळणावर एका ट्रॉलीनं पप्पांना उडवलं. भर दुपारी. ट्रॉली थांबलीसुद्धा नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा सगळा डांबरावर सांडला. मी शाळेतून दवाखान्यात पोचले तेव्हा पप्पांचा मोबाइल आईच्या हातात वाजत होता. 'पार्टनर, ऑर्डरला उशीर होत आहे.' थोड्या वेळानं, 'ग्राहकाची तक्रार आली आहे.' संध्याकाळी आयडी बंद.

उजव्या पायात रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन झालं नाही तर गुडघा वाकणार नाही. गुडघा वाकला नाही तर गाडी नाही. आणि कंपनीनं कळवलं की हे आमचे कामगार नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक आहेत, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच येत नाही.

फौंड्रीच्या युनियनचे जुने पुढारी केरबाआण्णा घरी आले. त्यांनीच कामगार कार्यालयात अर्ज करून दिला. सुनावणीच्या आदल्या दिवशी पप्पांना समोर बसवून म्हणाले, "संग्राम, दोनच वाक्यं. मी कामगार हुतो. कंपनी सांगंल तसं काम करत हुतो. बास."

"व्हय आण्णा."

"म्हनून दाखीव."

"म्हनतो की तिथं."

आई मला नको म्हणत होती, तरी मी गेलेच, शाळेच्या युनिफॉर्मवर. वाटलं, गरज पडली तर मी बोलेन. मला आता कुणाचीच भीती वाटत नव्हती.

कंपनीचे वकील पुण्याहून आले होते. तरुण, अगदी गोड बोलणारे. पप्पा कुबड्या टेकत आत आले तर ते उठले आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. "बसा सर."

पप्पांना आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. ते आण्णांकडं बघून हळूच हसले.

कामगार कार्यालयातल्या अधिकारी मॅडमनी नाव, वय लिहून घेतलं. मग वकिलांनी विचारलं, "सर, ॲप कधी सुरू करायचं हे कोण ठरवायचं?"

"मीच की."

"आणि बंद?"

"मीच."

आण्णा खाकरले.

"म्हणजे सर, तुम्ही कुणाचे नोकर होता का?"

पप्पांनी आण्णांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. खुर्चीत ताठ झाले. एकही शब्द न अडता म्हणाले, "मी कुणाचा नोकर न्हाय. मनात आलं की गाडी काढतो, मनात आलं की थांबतो. स्वतःच्या घामाचा मी स्वतःच मालक हाय."

मॅडमनी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. वकिलांनी खाली बघितलं.

"मॅडम, ते खरं नाही!" मी उभी राहिले. "ताप होता तरी यांचा आयडी बंद केला! दवाखान्यात होते तेव्हाही केला!"

"बाळ, जबाब त्यांचा आहे. तू बस." पण मॅडम थांबल्या. छापलेला कागद त्यांनी पप्पांपुढं सरकवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "नीट वाचा. काही बदलायचं असेल तर सहीच्या आधी सांगा. सही झाल्यावर हेच धरलं जाईल."

मी पप्पांच्या कानाशी वाकले. "पप्पा, बदला. कामगार होतो म्हणा."

"आनि पुन्ना संग्या म्हनून घिऊ? हितं, सगळ्यांम्होरं?"

"पप्पा, माझं भाषण चुकीचं होतं. मी त्यातलं निम्मं गाळलं होतं."

पप्पा हसले. "गप ए. पहिला नंबर आलेलं भाषण चुकीचं कसं आसंल?"

आणि त्यांनी सही केली. पूर्ण नावाची, सावकाश, वर रेघ ओढून.

बाहेर जिन्यात आण्णा एवढंच बोलले, "मर्दा, तुला दोनच वाक्यं दिलती." मग त्यांनीच पप्पांना धरून एकेक पायरी उतरवलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार कामगार असल्याचं त्यांच्याच जबाबावरून दिसत नाही, सबब अर्ज फेटाळला. पत्र इंग्रजीत होतं. घरात मोठ्यानं वाचून दाखवणारी मीच. वाचलं. आई चुलीकडं वळली. पप्पा म्हणाले, "इंग्लिश बी झ्याक वाचतीस की."

आता रोज सकाळी ते उजवा पाय लांब पसरून चेनला ऑइल सोडत बसतात. गाडी कुठंच जाणार नसते. मी दप्तर घेऊन निघाले की म्हणतात, "क्रांते, म्हन की एकदा."

मी टाकीवर चढते. मोठ्यानं म्हणते, पहिल्या ओळीपासून. 'स्वतःच्या घामाचे' पर्यंत येते आणि थांबते. खालून पप्पा पुढचे शब्द सांगतात.