पडायची गादी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची. जिम्नॅस्टिक्सच्या एका लहानशा क्लबात, ज्यावर तोल सावरत चालायचे त्या अरुंद लाकडी बीमच्या खाली माझी जागा आहे. राजाच्या गादीवर बसायला सगळेच टपलेले असतात. माझ्यावर मात्र कुणालाच पडायचे नसते, तरी सगळे पडतात.

माझा जन्म कारखान्यातला. जाड फोमचे थरावर थर चिकटवून माझे अंग तयार झाले. एका बाईने दणकट मशीनवर माझी रेक्झिनची खोळ शिवली आणि शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "लेकरं पडणार आहेत हिच्यावर, उसवायला नको," असे ती शेजारणीला म्हणाली. आपण कशासाठी जन्मलो, हे मला तेव्हाच कळले.

सुरुवातीची वर्षे लाडाची गेली. मी नवी, टणटणीत, चकचकीत होते. मुले माझ्यावर उडी मारायला भांडत. पुढे क्लब चालवणारे गृहस्थ थकले, वर्ग बंद पडले आणि हॉल सभांना भाड्याने जाऊ लागला. मला कोठीत उभे करून ठेवले आणि माझ्या अंगावर घडीच्या खुर्च्या रचल्या. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. मित्रांनो, मारापेक्षा अडगळ होणे जास्त लागते.

मग एक दिवस कोठीचे दार उघडले आणि ताई आत आली. लहानपणी ती याच हॉलमध्ये शिकली होती, माझ्यावर शेकडो वेळा आपटली होती. तिने मला बाहेर ओढले, पुसले, ऊन दाखवले, कुरतडलेला फोम काढून नवा भरला आणि वर ठिगळ लावले. क्लब पुन्हा सुरू झाला. रोज वर्गाआधी ती गुडघा रोवून मला सगळीकडे दाबून बघते. कुठे खड्डा लागला तर त्या दिवशी बीमवर कुणी चढत नाही.

एका संध्याकाळी एक कुटुंब क्लब बघायला आले. बाबा शाळेची बस चालवायचे. आई दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. आणि त्यांची मुलगी? घरात ती सरळ चालतच नसे, हातांवर गरकन फिरत फिरतच स्वयंपाकघरात जाई, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले होते. ती आली ती थेट माझ्यावर कोलांटी मारूनच.

बाबांनी हॉलभर नजर फिरवली. भिंतीचा रंग उडालेला, कपाटात पदके नाहीत. माझ्याकडे पाहून तर त्यांनी नाकच मुरडले. "अहो, गादीला ठिगळं आहेत!"

"आहेत ना," ताई हसून म्हणाली. "बूट काढा आणि मारा उडी. खात्री करून घ्या."

बाबा चांगलेच भरदार होते. मोजे सावरत त्यांनी उडी मारली. माझ्या पोटातली हवा फुस्स करून बाहेर गेली, पण मी त्यांना अलगद झेलले. भिंगरी पोट धरून हसली. आईही हसली आणि हळूच म्हणाली, "मला बरा वाटतोय हा क्लब."

पण बाबांच्या बसमधली मुले एका मोठ्या क्लबात जात. तिथल्या काचेच्या कपाटात चषकांची दाटी होती. आपल्या लेकीलाही उत्तमातले उत्तम मिळावे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी तिला तिकडे घातले. त्यांना दोष कसा देऊ? मी आपली वाट बघत राहिले.

काही महिन्यांनी ते तिघे पुन्हा दारात उभे राहिले. भिंगरी आईच्या मागे लपली होती. ती चालत आली होती, सरळ, पायांवर.

बाबा ताईला बाजूला घेऊन बोलू लागले. ते उभे होते माझ्याच काठावर, म्हणून मला सगळे ऐकू आले. "तिथं पालकांना आत बसू देत नाहीत. मला वाटलं, शिस्त असेल. पाय ताणायला शिकवणारे हिच्या पाठीवर बसायचे म्हणे, आणि रडलं तर पुन्हा पहिल्यापासून. ही घरी काही बोलायचीच नाही. परवा वर्गाच्या वेळेला कुठे सापडेना. बसच्या शेवटच्या सीटखाली अंग चोरून बसली होती. मला म्हणाली, बाबा, मी रडले नाही तर घरी नेशील?" त्यांनी भिंगरीकडे पाहिले. "मी रोज दुसऱ्यांची पोरं सांभाळून पोचवतो हो. आणि आपलीच..."

ताईने 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असला सूर लावला नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्ही तिचं ऐकलंत आणि तिला बाहेर काढलंत. आता इथे बाकावर बसा. रोज बसलात तरी चालेल."

मग ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. "तुला काय करावंसं वाटतंय?"

"काहीच नाही."

"बरं. मग काही करू नकोस. त्या गादीवर लोळ."

भिंगरी माझ्यावर आडवी झाली. तिचे अंग लाकडासारखे ताठ होते. त्यानंतर कितीतरी दिवस ती यायची, लोळायची, इतर मुलांकडे बघायची आणि घरी जायची. बाबांची चुळबुळ चाले, आई डोळ्यांनीच त्यांना दटावी. ताईने एकदाही घाई केली नाही. हळूहळू ते ताठ अंग माझ्यात रुतू लागले. एकदा तर तिला चक्क डुलकी लागली.

आणि एके दिवशी, कुणी न सांगता, ती उठली आणि बीमवर चढली. मधोमध पाय लटपटला. धप्प! ती माझ्यावर पडली. बाबा बाकावरून अर्धे उठले. भिंगरीचा चेहरा रडवेला झाला, तिने मान वर करून ताईकडे पाहिले.

"लागलं का? रडायचं असेल तर रड," ताई म्हणाली. "मी थांबते."

भिंगरी रडली, अगदी भोकाड पसरून, मनसोक्त. मग नाक पुसत म्हणाली, "परत चढू?"

मित्रांनो, आता माझा फोम पुन्हा बसत चालला आहे आणि ताई नव्या गादीची चौकशी करते आहे. करू दे. मुलांच्या हाडांपुढे माझा मान कसला? पण जायच्या आधी एक विनवणी आहे. आपल्या आईबाबांना सांगा, क्लब निवडताना काचेचे कपाट हवे तर बघा, पण त्याच्यासमोर रेंगाळू नका. आत जाऊन बसा. बसू देत नसतील, तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. बसू दिले, तर एखादे मूल पडेपर्यंत थांबा. पडलेले मूल आधी शिकवणाऱ्याकडे बघते. ते कोणत्या नजरेने बघते, तेवढे नीट पाहून घ्या.